मागच्या खोलीची केबल

बसा. शटर अर्धं खाली आलंय म्हणजे दुकान बंद झालं असं नाही. गच्चीवरच्या खोलीत नेट न्यायचंय, तिथे तुम्हा तिघांना अभ्यास करायचाय, कळलं मला. कसला अभ्यास, तेही कळलं. देतो केबल. पण आधी सांगा, ज्या जुन्या पाइपातून ती न्यायची म्हणताय, त्यात आधी कशाची वायर होती? माहीत नाही ना? मग टेका जरा. आणि ते मोबाईल उपडे ठेवा.

आपल्या ओळखीत एक साहेब होता. गल्लीनेच ठेवलेलं नाव. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली अर्धी चड्डी अशा थाटात तो घरातूनच परदेशी कंपनीचं काम करायचा, तेही रात्री, कारण आपण घोरायला लागलो की तिकडच्या लोकांना कामाचा उत्साह येतो. बायको मोठ्या दवाखान्यात नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणायचे, नवरासुद्धा. आणि एक मुलगी, पाच वर्षांची. तिला म्हणायचे छोटी. छोटी म्हणजे गोड पोर, पण बालदमा. थंडी पडली की रात्री तिची छाती वाजायला लागायची. मग उठवून बसवायचं, पंप तोंडाला लावायचा, पाठीवरून हात फिरवायचा, की पाच-दहा मिनिटांत शांत. फक्त कुणीतरी वेळेवर तिच्याजवळ पोचायला हवं.

तर एका शनिवारी दुपारी साहेब केबल घ्यायला दुकानात आला. म्हणाला, "घराच्या मागे अंगणापलीकडे पत्र्याची खोली आहे ना आमची, तिथे ऑफिस थाटतोय. पण घरातलं नेट तिथपर्यंत जेमतेम रांगत येतं. पत्र्याखाली मोबाईलला तर रेंजच नाही." मी म्हटलं, घरात काय वाईट आहे? तर म्हणाला, "छोटी खोकते हो रात्री. मीटिंगमध्ये आवाज जातो. परवा तिकडची बाई विचारत होती, तुमच्याकडे कुत्रं आहे का?"

असं सांगून हसला. पोटच्या पोरीचा खोकला, आणि हसला. मी केबल मोजून दिली आणि बरोबर आमचा वायरमन लंबू पाठवला.

लंबूने अंगण पाहिलं आणि फरशी फोडायला काढली. साहेब म्हणाला, "फोडू नको. खालून पाइप आहे. त्यात जुनी बेलची वायर पडलीय. तिलाच केबल बांध आणि ओढून घे."

ही बेल कसली, ते आता ऐका. त्या मागच्या खोलीत साहेबाची आत्या असायची. साहेबाची आई तो लहान असतानाच गेली होती, आणि याला न्हाऊमाखू घालून, शिकवून, नोकरीला लावलं ते या आत्याने. स्वतःचा संसार केला नाही बाईने. मग म्हातारपणी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. याने तिला मागच्या खोलीत ठेवलं, घरात पाळणा हलत होता म्हणून. पण अगदीच टाकली नव्हती हां. तिच्या डाव्या हाताशी एक बटण बसवलं आणि बेल घरात. काही लागलं की बटण दाबायचं. पाणी हवं, कूस बदलायची, पांघरूण सरकलं, की बेल. कधी कधी तर नुसतीच भीती वाटली म्हणून बेल. बोलता येत नव्हतं, तेव्हा तीच तिची हाक.

दिवसा ठीक होतं. रात्री मीटिंग चालू असताना बेल वाजली की साहेबाचा तिळपापड व्हायचा. शेवटी त्याने एक युक्ती काढली. रात्री कामाला बसण्याआधी स्क्रू सैल करून बेलची एक वायर काढून ठेवायची, सकाळी पुन्हा लावायची. झोपण्याआधी एक चक्कर मारतोच की, असं तो सिस्टरला म्हणायचा. आत्याला मात्र कुणी सांगितलं नाही की रात्री वायर काढलेली असते.

एका सकाळी याने नेहमीसारखी वायर जागेवर लावली, आणि स्क्रू आवळता आवळताच बेल वाजायला लागली. थांबून थांबून नाही, सलग. "आलो गं बाई, आलो! जरा दम काढ!" असं ओरडून हा आधी चहा प्यायला. बेल वाजतेच आहे. याने कप विसळला. बेल वाजतेच आहे. मग गेला तणतणत. आत्या केव्हाच गार पडली होती. डाव्या हाताचा अंगठा बटणावर आणि अख्ख्या हाताचा भार त्याच्यावर. रात्रीतून कधी दाबलं होतं ते बटण, कुणास ठाऊक.

लोकांना याने सांगितलं, झोपेत सुखाने गेली.

तर त्या बेलच्या वायरीला लंबूने घराच्या बाजूला नवी केबल बांधली, वर घट्ट चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही इकडून सोडत राहा, मी तिकडे जाऊन ओढतो." साहेब जमिनीवर बसला, केबलचं वेटोळं मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने वायर ताणली गेली. केबल पाइपात सरकायला लागली. सरकायची आणि थांबायची. पुन्हा सरकायची आणि थांबायची. तुम्ही कधी विहिरीचा दोर ओढलाय? दोन हातांनी ओढलं की दोर सलग येतो. एकाच हाताने ओढलं तर मधे मधे पकड बदलायला थांबावं लागतं. तसं चाललं होतं. साहेब वैतागून ओरडला, "लंब्या, जोर नाही का रे अंगात?" पलीकडून उत्तर आलं नाही. सगळी केबल गेली, वेटोळं संपलं.

तेवढ्यात पुढच्या फाटकातून लंबू आत आला. हातात पक्कड. म्हणाला, "गाडीच्या डिकीत राहिली होती. चला, करू सुरुवात?"

साहेबाने त्याला चार शिव्या हासडल्या. त्याला वाटलं पोरगा मस्करी करतोय. मागच्या खोलीत जाऊन पाहिलं तर केबलचं टोक पाइपातून बाहेर, आणि जुनी वायर सोडवून बाजूला ठेवलेली. चिकटपट्टीची गाठ लंबूची स्वतःची, त्याला ती पक्कड लावल्याशिवाय सुटली नसती. लंबूने काम उरकलं आणि त्या घरी परत गेला नाही, बोलावलं तरी.

नेट मात्र झकास चाललं, कॉम्प्युटरला आणि त्याच केबलला छोटा राउटर जोडून मोबाईललाही.

आता प्रश्न छोटीचा. सिस्टरला महिन्यातून आठवडाभर रात्रपाळी असायची. तिने कंबर कसून विरोध केला. "माझी रात्रपाळी असेल तेव्हा तू घरातच बस. पोरीला एकटं ठेवायचं नाही."

"एकटी कुठे? अंगण ओलांडलं की मी. कॅमेरा लावतो तिच्या डोक्यावर. मोबाईलवर सगळं दिसतं, ऐकू येतं. ती नुसती शिंकली तरी कळेल मला."

"उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर शेळ्या पाळ. दम्याची पोर आहे ती."

"ही नोकरी गेली तर तुझ्या एकटीच्या पगारात भागेल?"

हे म्हटलं की सिस्टर गप्प व्हायची. त्याने कॅमेरा लावला आणि छोटीला शिकवलं, "काही झालं की याच्याकडे बघून हाक मारायची. बाबा धावत येईल." त्या दोघांचा तो खेळच झाला. हा मागच्या खोलीत जाऊन बसायचा, ती कॅमेऱ्याकडे बघून ओरडायची, "बाबाऽऽ!" आणि हा अंगणातून धावत यायचा. पोरगी हसून लोळायची. सिस्टरनेही पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्या रात्रपाळीत दोनदा खरोखर छोटीची छाती वाजली, तिने हाक मारली, हा धावत गेला, पंप दिला. सगळं सुरळीत.

मग आली एकोणीस फेब्रुवारी. बुधवार.

सिस्टर नऊला ड्यूटीवर गेली. साहेबाने छोटीला झोपवलं, घरातल्या राउटरच्या खोबणीत केबल नीट बसलीय ना ते बोटाने दाबून पाहिलं, दार ओढून घेतलं आणि मागच्या खोलीत येऊन बसला. त्या दिवशी मोठी मीटिंग होती. त्याला बढती द्यायची की नारळ, ते ठरणार होतं. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी मोबाईल उभा करून ठेवलेला, त्यात छोटी. डाव्या कुशीवर झोपलेली.

दोनला दहा कमी असताना छोटी खोकली.

मोबाईलमधून आवाज आला, मीटिंगमध्ये गेला. तिकडची ती बाई बोलता बोलता थांबली. साहेबाने मोबाईलकडे पाहिलं. पोर झोपेतच होती. पुन्हा खोकली. आता तिकडचे दोघे-तिघे गालातल्या गालात हसले. साहेबाचे कान तापले. त्याने हात पुढे केला आणि मोबाईलचा आवाज कमी केला. थोडा नाही. पूर्ण.

चित्र दिसतंय ना, मग झालं, असं त्याला वाटलं. दर मिनिटाला तो तिकडे बघत होता, हे खरं आहे. खोटं कशाला बोला. पोरीवर त्याचा जीव होता, आणि चित्रात पोर शांत झोपलेली होती. खोकला थांबलेला. छाती वरखाली, वरखाली, एका लयीत.

त्या रात्री नेट एकदाही अडखळलं नाही. मीटिंग इतकी छान चालली की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. तिकडचे सगळे माना डोलवत होते. तो बोलेल त्याला हो म्हणत होते. कुणी मधे बोलत नव्हतं. कुणी काही विचारत नव्हतं. नुसते बघत होते.

चारच्या सुमाराला त्याचं मोबाईलकडे लक्ष गेलं. छोटीचं पांघरूण खांद्यावरून सरकलं होतं. आता जाऊन घालावं का, असा विचार त्याच्या मनात आला... आणि चित्राच्या कडेने एक हात आला.

बाईचा हात. त्याने पांघरुणाचं टोक धरलं. ओढलं. थांबला. पुन्हा ओढलं. थांबला. पांघरूण खांद्यापर्यंत आलं. मग तो हात पोरीला थोपटायला लागला.

साहेबाला हायसं वाटलं. सिस्टर लवकर आली वाटतं, बरं झालं. आता काळजी नाही. त्याने मोबाईलकडे बघणंच सोडलं.

पाच वाजता मीटिंग संपली. शाबासकी मिळाली. हा खुशीत अंगणात आला. बाहेर गार होतं, अजून अंधारच. बातमी आधी बायकोला सांगायची म्हणून तो पुढच्या बाजूला गेला.

फाटक वाजलं.

सिस्टर आत आली. अंगावर गणवेश. खांद्याला पिशवी. पायात ड्यूटीच्या चपला.

"तू..." साहेब म्हणाला. "आत्ता येतेयस?"

"मग कधी येणार?"

साहेबाने वळून घराच्या दाराकडे पाहिलं.

"काय झालं? छोटी कुठाय?"

दोघं धावले. साहेबाच्या हातून किल्ली पडली. सिस्टरने उचलली. दार उघडलं.

पलंग रिकामा. पांघरूण जमिनीवर. स्वयंपाकघरातली खुर्ची त्या खोलीत आलेली. भिंतीला टेकवलेली. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. खुर्चीवर छोटी उभी. कपाळ भिंतीला टेकलेलं. तोंड कॅमेऱ्याकडे वर केलेलं. ओठ निळे. डोळे उघडे.

ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

सिस्टर होती म्हणून पोर वाचली, हे लिहून ठेवा. दुसरं कुणी असतं तर हातपाय गळाले असते. तिने पोरीला उचललं, पंप दिला, छाती चोळली, तशीच कडेवर घेऊन रस्त्यावर धावली. साहेब मागे धावणार, तेवढ्यात त्याची नजर राउटरकडे गेली. केबल खोबणीत नव्हती. खाली लोंबत होती.

नंतर कंपनीचा निरोप आला. बढती राहू दे, त्यांनी विचारलं होतं, दोनला दहा कमी असताना तुम्ही मीटिंग सोडून कुठे गेलात? आम्ही थोडा वेळ थांबलो, मग बंद केली. नोकरी गेलीच. पण साहेबाला नोकरीचं काही वाटलं नाही. तो एकाच गोष्टीचा विचार करत होता. त्यानंतर तीन तास त्याच्यासमोर बसून माना कोण डोलवत होतं?

छोटी दवाखान्यात बरेच दिवस होती. हळूहळू सुधारली. घसाही बरा झाला, खणखणीत बोलायला लागली. एकदा सिस्टर तिचे केस विंचरत होती. साहेब पायाशी बसलेला. सिस्टरने हळूच विचारलं, "बाळा, त्या रात्री तू बाबाला हाक नाही मारलीस?"

"मारली ना. खूप मारल्या."

"मग?"

"मग ती आजी म्हणाली, उगाच ओरडू नकोस."

"कुठली आजी?"

"एक हात असा पडलेला असतो ती. ती म्हणाली, त्याला ऐकू येतं." छोटीने बाबाकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं म्हणाली, "त्याला ऐकू येतं, पण तो येत नाही."

साहेब रडला, पाया पडला, पोरीची शपथ घेतली, नेट गेलं होतं गं, मला ऐकू आलं नाही गं, म्हणून गयावया केली. पोरीने ऐकून घेतलं. तिने मान हलवली. पण त्याने आवाज स्वतःच्या हाताने बंद केला होता, ते काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

त्यानंतर छोटीने कुणालाही हाक मारलेली नाही. विचारलं तर बोलते, शाळेत कविता म्हणते, हसतेही. पण हाक नाही. मध्यंतरी तिचं बोट दारात सापडलं. रक्त गळतंय आणि ही नुसती उभी. कुणीतरी येईपर्यंत उभी. सिस्टर सहज त्या बाजूला आली म्हणून दिसलं. म्हणाली, "अगं, ओरडायचं तरी!" तर पोर म्हणाली, "कशाला?" दम लागतो तेव्हाही तशीच उठून बसते आणि अंधारात वाट बघते. म्हणून सिस्टरने रात्रपाळी सोडली. ती आता रात्रभर पोरीच्या छातीवर हात ठेवून झोपते, आणि साहेबाला त्या खोलीत येऊ देत नाही. तो मागच्या खोलीत राहतो. एकटाच.

हे सगळं मला कुणी सांगितलं म्हणताय? त्यानेच. याच स्टुलावर बसून, गेल्या थंडीत. ओळखू येत नव्हता. तोच जुना मोबाईल घेऊन आला होता. म्हणाला, "बॅटरी फुगलीय, बदलून द्या. पण आतलं काही पुसू नका." मी म्हटलं, नवा घे की, हा आता भंगारात जाईल. तर हात जोडायला लागला. म्हणाला, "यात छोटी आहे."

मला वाटलं फोटो असतील. म्हणाला, "नाही. कॅमेरा तेव्हाच काढून फेकला, भिंतीचं भोकसुद्धा बुजवलं. पण यात ती अजून झोपलेली दिसते. पाच वर्षांचीच. आणि आवाज वाढवला की..." एवढं बोलून त्याने मोबाईल छातीशी धरला. मग म्हणाला, "रोज रात्री ऐकतो. दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाही ना आता."

डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या, असं मी मनात म्हटलं. मोबाईल इथे, या काउंटरवर घेतला. मागचं झाकण उघडलं. बॅटरी खरंच फुगली होती. पातळ पट्टीने हळूच सैल केली, तार सोडवली, काढून बाजूला ठेवली. पडदा काळाच होता. मी नवी बॅटरी शोधायला खण उघडला.

तेव्हा काउंटरवरून आवाज आला. बारीक. दमलेला. मधे मधे श्वास अडकणारा.

"बाबा..."

साहेब ताडकन उठला. "आलो, आलो!" म्हणत शटरखालून वाकून रस्त्यावर गेला, घराच्या दिशेने धावत सुटला.

मी जागचा हललो नाही. मोबाईल उघडा पडला होता. बॅटरी बाजूला होती.

"बाबा... बाबा..."